आधी नमुना

बाई बोलत असल्या की त्यांचा उजवा हात फिरत असायचा. हातात निमुळत्या गळ्याचा काचेचा चंबू, चंबूत लालभडक रक्त आणि रक्तात काचेचे वीसपंचवीस मणी. तो चंबू दहा मिनिटं गोल गोल फिरवायचा, मध्ये थांबायचं नाही. रक्तातला चिकटा मण्यांना लागतो आणि उरलेलं रक्त गोठत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण नव्यानं आलेल्या माणसाला ते कुठून ठाऊक असणार? त्याला दारातून दिसायची ती एक ठेंगणी, चष्मेवाली बाई, मण्यांचा खुळखुळ आवाज करत रक्त ढवळणारी आणि वर त्यालाच दम देणारी, "आधी नमुना, मग गोळी. काय?"

हे "काय?" म्हणजे प्रश्न नव्हे. कोल्हापुरात "काय?" म्हटलं की विषय संपला असं समजायचं.

बाईंचं नाव मी सांगणार नाही. आमच्या इस्पितळात अठरा-वीस वर्षं त्यांना कुणी नावानं हाक मारली नाही, मग तो रिवाज आता मी कशाला मोडू? त्यांच्या मेंढीचं नाव मात्र सांगतो. हौसा. लॅबच्या मागच्या बाजूला, ऑक्सिजनच्या रिकाम्या नळकांड्यांशेजारी, पत्र्याच्या सावलीत ती बांधलेली असायची. चंबूतलं रक्त हौसाचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एमडी होऊन या इस्पितळात छातीचा डॉक्टर म्हणून लागलो. नव्या एमडीला जगातलं सगळं ठाऊक असतं. फक्त गप्प कसं बसायचं तेवढं ठाऊक नसतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतला कामगार माझ्याकडे आला, ताप आणि छातीत कफ घेऊन. त्याला एक अँटिबायोटिक त्याच्या गल्लीतल्या डॉक्टरनं दिलं होतं, दुसरं औषधाच्या दुकानदारानं स्वतःच्या ज्ञानावर दिलं होतं आणि तिसरं मी दिलं. तिन्ही लागू पडेनात, तेव्हा चौथ्या दिवशी मला लॅबची आठवण झाली. थुंकीचा नमुना कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायला, खाली पाठवला. दोन दिवसांनी रिपोर्ट आला: वाढ नाही. आणि खाली पेन्सिलीनं, बारीक सुबक अक्षरात एक शेरा: "औषधाचं कल्चर झालं, माणसाचं नाही."

टेक्निशियननं डॉक्टरला शेरा मारायचा? मी तरातरा जिना उतरून गेलो. बाई चंबू फिरवत होत्या.

"हे कुणी लिहिलं?"

"मी लिवलं. अक्षर लागलं न्हाई व्हय?"

"याचा अर्थ काय?"

"अर्थ असा डॉक्टर, चोरी झाल्यावर तुमी समदं घर फिनेलनं धुऊन काढलासा. आन आता मला म्हणतासा, चोराच्या पायाचं ठसं काढून द्या." हात फिरतच होता. "आधी नमुना घ्यायचा, मग गोळी द्यायची. एवढंच हाय. बसा की, च्या घ्या."

मी चहा घेतला नाही. माझा अपमान झाला होता आणि अपमान झालेल्या माणसानं चहा घ्यायचा नसतो, असा माझा त्या वयात समज होता.

बाई पेठ वडगावच्या, बौद्ध घरातल्या. वडील शाळेत शिपाई होते. वर्ग सुटल्यावर प्रयोगशाळेतल्या काचा पुसायचं काम त्यांच्याकडे होतं आणि लेक मागं मागं असायची. पुसता पुसता लेकीला त्या काचांमधून काय दिसतं याचं वेड लागलं. बीएस्सी झाली, लॅबचा डिप्लोमा केला. आमच्याकडचे एक ज्येष्ठ सर्जन बाईंच्या लॅबमध्ये चहा घ्यायचे नाहीत. "तिथं जंतू असतात," असं कारण सांगायचे. ब्लड बँकेतल्या टेबलावर मात्र ते चहाबरोबर भजीही खायचे. बाईंनी यावर कधी एक शब्द काढला नाही. फक्त एकदा इस्पितळातल्या सगळ्या स्टाफचे नाकाघशातले स्वॅब घ्यायचे ठरले, तेव्हा सर्जनसाहेबांच्या नमुन्याच्या प्लेटवर जंतूंचं सगळ्यांपेक्षा दाट पीक आलं. ती प्लेट बाईंनी आठवडाभर खिडकीत ठेवली होती. "उजेडासाठी," असं त्यांनी मला सांगितलं.

आता हौसाबद्दल. कोल्हापुरात मेंढीला दोनच भविष्यं असतात, तांबडा रस्सा किंवा पांढरा रस्सा. हौसाला तिसरं मिळालं. जंतू वाढवायच्या प्लेटमध्ये रक्त घालावं लागतं आणि ते मेंढीचंच लागतं, यावर बाई अडून बसल्या आणि एका धनगराकडून त्यांनी कोकरू आणलं. दर सोमवारी सकाळी त्या पांढरा एप्रन घालून मागं जायच्या. हौसा उठायची, दोन पावलं पुढं यायची आणि मान वर करून उभी राहायची. बाई मानेतल्या शिरेतून रक्त काढायच्या, बोळा दाबून धरायच्या आणि मग पदराच्या टोकाला बांधलेला गुळाचा खडा सोडायच्या. गूळ आधी कधीच नाही. सुरुवातीला हौसा गुळासाठी पदराला तोंड लावायची. बाई पदर ओढून घ्यायच्या. महिन्याभरात तिला क्रम समजला. पुढं पुढं तर आधी गूळ दाखवला तरी ती तोंड लावायची नाही, मान वर करून उभी.

"बघा," बाई मला म्हणाल्या. "मेंढराला कळलं. एमडीला किती दिस लागत्यात बघू."

आषाढात वॉर्डबॉय मंडळींची नजर हौसावर जायची. पावसाची झड, आखाड सुरू, आणि डोळ्यांसमोर चालतं-फिरतं मटण. एकानं धीर करून विचारलंच, "बाई, हिचं पुढं काय करायचं ठरवलासा?" बाई स्वतः मटण आवडीनं खाणाऱ्या. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "ती स्टाफ हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या आधीपासनं नोकरीत हाय. तुझं काय करायचं ते आधी ठरवू."

ट्रस्टच्या सेक्रेटरींना ही मेंढी बघवत नव्हती. इस्पितळाच्या आवारात जनावर म्हणजे मागासलेपणाचं लक्षण. त्यांनी तोडगा काढला: ब्लड बँकेत मुदत संपलेलं माणसांचं रक्त पडून असतं, ते वापरा. बाई "बरं" म्हणाल्या. बाई एवढ्या सहज "बरं" म्हणाल्या तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती. आठवड्यानं त्या दोन प्लेटा घेऊन सेक्रेटरींच्या केबिनमध्ये गेल्या. नमुना एकाच पेशंटचा. हौसाच्या रक्तावर जंतू टपोरे वाढलेले, भोवती स्वच्छ कडं. माणसाच्या रक्तावर रडतखडत चार ठिपके.

"असं का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"दात्यानं रक्त द्यायच्या आधी काय काय खाल्लंय, मला काय ठावं? कुणी सर्दीला गोळी, कुणी दाढंला गोळी. साहेब, कोल्हापुरात गोळी न खाल्लेलं रक्त फक्त मेंढराचं ऱ्हायलंय."

हौसाची नोकरी पक्की झाली.

बाईंची एक जाडजूड वही होती. तिच्यात आम्हा सगळ्यांची नाकं होती. दर तीन महिन्यांनी त्या स्टाफचे स्वॅब घ्यायच्या, धडधाकट लोकांचे, आणि कुणाच्या नाकात कोण राहतं ते लिहून ठेवायच्या. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "डॉक्टर, तुमच्या नाकात सोन्यासारखं पिवळं वाढतंय," असं त्यांनी मला एकदा जिन्यात, चार नर्सेससमोर सांगितलं. हा जंतू फोडांमध्ये आणि न्यूमोनियात सापडणारा. मी हादरलो. "घाबरू नगासा," बाई म्हणाल्या. "भाडेकरू हाय. गुमान ऱ्हातोय तोवर आपलाच."

भाडेकरू हा बाईंचा आवडता शब्द. आता तुमच्यापैकी ज्यांनी फ्लूची साथ जवळून पाहिली असेल त्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. तीनचार दिवस माणूस तापानं फणफणतो. मग ताप उतरतो, माणूस उठून बसतो, भाकरी मागतो, घरचे सुस्कारा सोडतात. आणि सहाव्या-सातव्या दिवशी काही जणांना पुन्हा हुडहुडी भरते, छातीत दुखतं, आणि हा दुसरा ताप पहिल्यापेक्षा वाईट असतो. आम्ही याला "गुंतागुंत" म्हणतो. डॉक्टरला एखादी गोष्ट समजली नाही की तिचं असं भारदस्त नाव ठेवायची पद्धत आहे.

बाई म्हणायच्या, "पहिला ताप पावण्याचा. दुसरा घरातल्याचा."

मी एकदा वेळ काढून ऐकून घेतलं. म्हणजे त्या दिवशी ओपीडीत कुणी नव्हतं.

"फ्लू म्हंजे पावणं," बाई चंबू फिरवत म्हणाल्या. "चार दिस ऱ्हाणार, जाणार. पण जाताना श्वासाच्या नळीचं अस्तर खरवडून जातंय. आन आपल्या अंगातलं राखणदार हायत न्हवं, ते समदं त्येच्या मागं पळत्यात, काठ्या घिऊन. नुसता गोंधळ. तेवढ्यात नाकातला भाडेकरू बघतोय, जिन्यावर कोणच न्हाई. मग उतरतोय खाली फुप्फुसात."

"म्हणून तर मी पहिल्या दिवशीच अँटिबायोटिक देतो," मी विजयी मुद्रेनं म्हणालो. "भाडेकरूच हाकलून दिले की झालं."

"समदं भाडेकरू वाईट नसत्यात की! थोडी रोजची कुरबुर असली म्हंजे राखणदार जागा ऱ्हातोय. तुमी समदी चाळ रिकामी केलासा तर त्यो बी डोळं मिटतोय. पावणं आल्यावर उठायलाच उशीर. आन रिकाम्या खोलीत नवा कोण येतोय सांगू? ज्येला तुमची गोळी लागू पडत न्हाई, त्यो."

मला हे वैद्यकशास्त्र कमी आणि राजारामपुरीतल्या घरमालकाचं गाऱ्हाणं जास्त वाटलं. मी तसं बोललोही. बाई हसल्या. "हे माझं बघणं हाय डॉक्टर, शास्त्र न्हाई. शास्त्र करू कोण देतंय मला?" पण त्यांनी वही उघडून दाखवली. आधीच गोळ्या झालेल्यांच्या पानांवर नेहमीचे भाडेकरू गायब, आणि त्यातल्या काहींच्या पुढच्या पानावर भलतंच दांडगं काहीतरी. मी पानं उलटली, "इंटरेस्टिंग" म्हणालो आणि वर गेलो. इंटरेस्टिंग म्हटलं की पुढं काही करावं लागत नाही. पुष्कळ वर्षांनी जगातल्या मोठमोठ्या लोकांनी साधारण हेच लिहिलेलं मी वाचलं. नाकाघशातले, आतड्यातले हे रहिवासी शरीराच्या पहाऱ्याला फ्लूसाठी तयार ठेवतात, तेच संधी मिळाली की उलटतातही, वगैरे. त्यांनी उंदरांवर प्रयोग केले होते. बाईंनी आमच्यावर केले होते.

एक जंतू तर बाईंना विशेष प्रिय. त्याच्या नावातच इन्फ्लुएंझा आहे, कारण जुन्या काळी फ्लूच्या पेशंटमध्ये तो सापडला आणि हाच आरोपी असं ठरवून मोठे लोक मोकळे झाले. खरा आरोपी नंतर सापडला, पण नाव काही बदललं नाही. हा जंतू साध्या रक्ताच्या प्लेटवर एकटा वाढत नाही, त्या सोनेरी जंतूच्या ठिपक्याला चिकटून वाढतो, त्यानं सोडलेलं खाऊन. "ह्यो शेजारणीच्या चुलीवर जेवणारा," बाई सांगायच्या. "आन नाव बघा केवढं लावलंय. आमच्याकडं बी हायत असलं दोघंतिघं." आणि त्या वरच्या मजल्याकडे बघायच्या. वरच्या मजल्यावर आम्ही बसायचो.

मग ती सभा. आमच्या डॉक्टरांची दर महिन्याला एक सभा भरते. तिच्यात ज्ञान आणि जेवण असतं आणि हजेरी जेवणाच्या वेळेला मोजतात. त्या वर्षी मी सभेचा चिटणीस. मुख्य वक्त्यांची गाडी पुण्याहून यायला उशीर झाला म्हणून मी बाईंना निरोप पाठवला, दहा मिनिटं काहीतरी बोला. बाई इस्त्रीची साडी नेसून, कापडी पिशवीत प्लेटा घेऊन आल्या. व्यासपीठावर त्यांच्या मागं एका नव्या अँटिबायोटिकचा भलामोठा फलक होता, कारण जेवण त्या कंपनीचं होतं. त्या फलकासमोर उभं राहून बाईंनी सांगितलं, "फ्लूच्या पहिल्या दिवशी उगाच गोळी नको. आणि द्यायचीच झाली तर आधी नमुना घ्या, दोन मिनिटं लागतात." शुद्ध बोलत होत्या बिचाऱ्या, रात्री बसून पाठ केलं होतं बहुतेक. प्लेटा पुढच्या रांगेत फिरवायला दिल्या, तर कुणी हात लावेना. थोड्या वेळानं त्याच हातांनी जेवायचं होतं.

कंपनीचा माणूस माझ्याकडे बघत होता. मी उठलो आणि माइकवर म्हणालो, "बाई, तुम्ही रिपोर्ट द्या. उपचारांचं आम्ही बघतो."

हशा झाला. चांगला दणदणीत झाला. माझ्या आयुष्यात माझ्या वाक्याला एवढा हशा तेव्हाच मिळाला. बाईंनी प्लेटा मोजून पिशवीत घातल्या आणि न जेवता गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी लॅबच्या दारातून आत जावं की न जावं करत होतो. चंबू फिरत होता. "या की," बाई म्हणाल्या. "काल रस्सा कसा हुता?"

"चांगला होता."

"मग झालं की. च्या घ्या."

त्या दिवशी मी चहा घेतला. त्यानंतर रोजच घेत गेलो. माफी मागायची राहिली ती राहिलीच. चहा घेतला म्हणजे ती आपोआप मागितली जाते, असा सोयीस्कर हिशेब मी केला होता. बाईंवर माझी माया होती, हे आज लिहिताना मला संकोच वाटत नाही. तेव्हा वाटायचा.

स्वाईन फ्लूचं वर्ष आलं. तुम्हालाही आठवत असेल ते. महाद्वार रोडवर सगळे तोंडाला रुमाल बांधून फिरत होते, कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या हुंगत होते, आणि शिंकणाऱ्या माणसाभोवती बसमध्ये आपोआप मोकळी जागा होत होती. आम्ही डॉक्टर शांत होतो. म्हणजे आम्ही कापूर एप्रनच्या आतल्या खिशात ठेवत होतो. आणि दिसेल त्या तापाला पहिल्या दिवशी गोळ्या लिहीत होतो, "कव्हर म्हणून". आमच्या धंद्यात हा फार उपयोगी शब्द आहे. तो पेशंटला कव्हर करतो की डॉक्टरला, हे कुणी विचारत नाही. बाईंची खाली धावपळ. पेन्सिलीचे शेरे वाढले. निवृत्तीला त्यांचं एक वर्ष उरलं होतं आणि हौसाची जागा तिच्या लेकीनं घेतली होती. तिचंही नाव हौसाच. "पद तेच हाय," बाईंचं म्हणणं. गुळाचा क्रमही तोच शिकवलेला.

गणपतीनंतर बाईंना ताप आला. त्यांची मुलगी बँकेत नोकरीला होती, तिनं फोन केला. मी फोनवरच फ्लूची गोळी सांगितली आणि जोडीला अँटिबायोटिक. कव्हर म्हणून. चौथ्या दिवशी ताप गेला. बाई मुलीचं न ऐकता रिक्षा करून आल्या, हौसाला पाला घातला आणि लांबूनच मला हात करून गेल्या. सातव्या दिवशी संध्याकाळी मुलीचा पुन्हा फोन आला. या वेळी तिचा आवाज कापत होता.

कळंब्याच्या रस्त्यावर त्यांचं घर होतं, दोन खोल्यांचं. मी पोचलो तेव्हा बाई उशीला टेकून बसल्या होत्या. श्वास भरभर, ओठ काळपट, अंग भाजत होतं. उशीखालून अँटिबायोटिकची अख्खी पट्टी डोकावत होती, एकही गोळी न काढलेली.

"पावणं गेलं, डॉक्टर," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "घरातलं उठलंय."

मी छाती ऐकली. उजवीकडे खालचा सगळा भाग भरला होता. मी बॅग उघडून इंजेक्शन भरायला घेतलं.

"आधी नमुना," बाई म्हणाल्या. "सकाळपासनं कफ सुटंना. आता सुटतोय. त्या फळीवर बाटली हाय, निर्जंतुक केलेली."

बाटली दिसत होती. माझ्यापासून दोन हातांवर. मुलगी ती घ्यायला उठलीसुद्धा.

आता इथं मी तुम्हाला सांगू शकतो की इंजेक्शनची घाई होती. घाई होतीच. ते लगेच द्यायलाच हवं होतं, कुठलंही पुस्तक तेच सांगेल. पण दोन मिनिटांची घाई नव्हती. मी घाबरलो होतो. सोळा वर्षं रोज चहा देणारी बाई माझ्यासमोर निळी पडत होती. आणि घाबरलेला डॉक्टर काय करतो? तो आवाज चढवतो.

"बाई, आज तुम्ही पेशंट आहात," मी म्हणालो. "गप्प पडा. उपचारांचं मी बघतो."

त्यांनी हात पुढं केला. मी टोचलं. नंतर अॅम्ब्युलन्समध्ये दुसरं औषध, वॉर्डात तिसरं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं स्थिरस्थावर झाल्यावर रीतसर नमुना घेऊन लॅबमध्ये पाठवला. बाईंच्याच लॅबमध्ये, हौसाच्याच रक्ताच्या प्लेटवर.

प्लेटवर काही आलं नाही. दोन दिवस ठेवली, तरी नाही. नेहमीचे भाडेकरूसुद्धा नाहीत. लाल, सपाट, गुळगुळीत. बाईंच्या हाताखालची टेक्निशियन प्लेट माझ्यापुढं धरून रडायला लागली. नेमका कुठला जंतू, त्याला कुठलं औषध लागू, हे सांगणारं एकच माणूस इस्पितळात होतं आणि ते ऑक्सिजनवर होतं.

बाईंनी प्लेट बघायला मागितली. मी ती पिशवीत सीलबंद करून घेऊन गेलो. त्यांनी मास्क थोडा बाजूला केला, प्लेट खिडकीच्या उजेडाकडं धरली, तिरकी केली, सरळ केली. आयुष्यभर असंच बघत आल्या होत्या.

"एवढी साफ प्लेट मी जन्मात बघितली न्हवती," त्या म्हणाल्या.

मी मास्क परत लावायला गेलो, त्यांनी माझा हात बाजूला केला.

"तुमी घाबरलासा म्हणून टोचलासा. कळतंय मला." थोडा वेळ नुसता श्वास. "पण बाटली दोन हातांवर हुती की, डॉक्टर." मग प्लेट माझ्या हातात देत म्हणाल्या, "शेरा तुमी लिवा ह्या टायमाला."

मी मान डोलावली. त्यानंतर तीन दिवस आम्ही अंधारात दगड मारत होतो. हे औषध काढलं, ते लावलं, पुण्या-मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना फोन केले. त्यांनी सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "कल्चर काय म्हणतं?" चौथ्या दिवशी सकाळी बाई गेल्या. नमुना आधी घेतला असता तर वाचल्या असत्या का? मला माहीत नाही. त्यांना कुणी नेलं हेसुद्धा आजपर्यंत माहीत नाही. ज्या बाईंनी अख्ख्या इस्पितळाच्या नाकातले रहिवासी नावागावासकट लिहून ठेवले, त्यांच्या स्वतःच्या रिपोर्टवर "वाढ नाही" एवढंच छापलेलं आहे. तो कागद माझ्याकडं आहे. खालची जागा कोरी आहे. मी अनेकदा पेन्सिल घेऊन बसलो. काय लिहायचं ते मला ठाऊक आहे, त्यांनीच ते पहिल्या भेटीत लिहून दिलं होतं. हात होत नाही.

त्या जाऊन चारसहा दिवस झाले असतील. सोमवार होता. लॅबनं तयार प्लेटा मागवल्या होत्या, त्यामुळं मागच्या बाजूला कुणाचं काम उरलं नव्हतं. वॉर्डात राउंड घेता घेता मला एकदम आठवलं की आज सोमवार. मी कँटीनमधून गुळाचा एक खडा मागून घेतला आणि एप्रन न काढताच मागं गेलो.

मला बघून हौसा उठली. दोन पावलं पुढं आली आणि मान वर करून उभी राहिली.

मी गूळ पुढं केला. तिनं तोंड लावलं नाही. मी तो तिच्या नाकाशी नेला, ओठांना लावला, "खा की, खा," म्हणालो. तिनं वास घेतला आणि मान आणखी वर केली. आधी नमुना, मग गूळ. मी हातात खडा धरून उभा होतो. ती हलेना.

बाई, चुकलं माझं, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालो. ऐकायला मेंढी होती.

हात घामेजून गूळ विरघळायला लागला तरी तिची मान खाली आली नव्हती.